चिपवरचा आकडा

१९८१ साली बाजारात आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ होता. आतली इंटेलची ८०८८ ही चिप ५ मेगाहर्ट्झची म्हणून विकली जात होती. मग हा तुटका आकडा आला कुठून? तो आला अमेरिकी रंगीत टेलिव्हिजनमधून. ग्राहकाला घरचा टीव्ही पडदा म्हणून जोडता यावा, यासाठी ३.५८ मेगाहर्ट्झचा रंगसंकेत लागत होता. त्याच्या चौपट, म्हणजे १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच क्रिस्टल मदरबोर्डवर बसवला की त्याला चाराने भागून टीव्हीची गरज भागत होती आणि तिनाने भागून प्रोसेसरची. एका क्रिस्टलचा खर्च वाचला आणि प्रोसेसर आपल्या कुवतीपेक्षा किंचित हळू चालू लागला. पीसीच्या इतिहासातला हा पहिलाच गाजलेला वेग, आणि तो चिपच्या अंगच्या गुणांमुळे ठरलेला नव्हता.

तीन वर्षांनी, १९८४ मध्ये, आयबीएमने पीसी-एटी काढला. त्यात ८०२८६ हा प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झने चालत होता आणि त्याचा १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सॉकेटमध्ये बसवलेला होता, डाख देऊन पक्का केलेला नव्हता. तो उपटून तिथे १६ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल खोचला की प्रोसेसर ८ मेगाहर्ट्झने धावे. किरकोळ किमतीच्या त्या तुकड्यात तेहतीस टक्के वेग वाढत होता. आयबीएमने यावर जे केलं ते बोलकं आहे. १९८५ मध्ये आलेल्या नव्या बायोसमध्ये सुरुवातीलाच वेग तपासणारी चाचणी घालण्यात आली. वेग ठरल्यापेक्षा जास्त भरला, तर मशीन पुढे सरकतच नव्हतं. आणि १९८६ मध्ये कंपनीने स्वतःच ८ मेगाहर्ट्झचा एटी विकायला काढला. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे चिप ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याच्या, पुढच्या चाळीस वर्षांचं जवळजवळ सगळं कथानक या दोन वर्षांत येऊन गेलं. ग्राहकाने शिल्लक ताकद शोधली, कंपनीने ती वाट बंद केली आणि पुढे तीच ताकद आपल्या नावाने विकली.

हा इतिहास बहुतेक वेळा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. द्रवरूप नायट्रोजन ओतून गाठलेले विक्रम, काचेतून दिसणारे रंगीत दिवे, चढत गेलेले आकडे. मला तो वेगळ्या अंगाने वाचावासा वाटतो. प्रोसेसरवर छापलेला आकडा हा भौतिकशास्त्र, बाजार आणि तपासणीला मिळालेला वेळ यांच्यातला तह असतो, आणि ‘स्थिर’ मशीन म्हणजे ज्याची चूक अजून पकडली गेलेली नाही असं मशीन. हौशी ओव्हरक्लॉकर रात्र रात्र जागून जे शोधत होता आणि कारखान्यातला चाचणी-अभियंता जे शोधत होता, ते एकच होतं. दोघांच्या साधनांत जमीन-अस्मानाचा फरक होता हे खरं, पण तो फरक अंशाचा होता, जातीचा नव्हता. म्हणूनच अस्थिर क्लॉकचं कारण हुडकण्याची जी रीत या हौशींनी घडवली, तिला तंत्रज्ञानाच्या इतिहासात तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी.

आधी चूक होते म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. क्लॉकचा एक ठोका पडला की एका फ्लिप-फ्लॉपमधून संकेत निघतो, मधली लॉजिकची फाटकं ओलांडतो आणि पुढचा ठोका पडायच्या आत त्याने पुढच्या फ्लिप-फ्लॉपपाशी पोचायचं असतं. ४.७७ मेगाहर्ट्झला या प्रवासासाठी सुमारे २१० नॅनोसेकंद मिळत होते. ५ गिगाहर्ट्झला मिळतात २०० पिकोसेकंद. तेवढ्या वेळात निर्वात पोकळीत प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर जातो. संकेत उशिरा पोचला तर धूर निघत नाही की घंटा वाजत नाही. पुढचा फ्लिप-फ्लॉप जुनीच किंमत टिपून घेतो आणि गणित पुढे चालू राहतं, चुकीचं. शिवाय चिपमधले सगळे मार्ग सारख्या लांबीचे नसतात. सर्वांत लांबचा मार्ग एखाद्या विशिष्ट सूचनेलाच, तोही विशिष्ट आकडे समोर आले तरच, वापरला जातो. त्यामुळे दिवसभर पत्रं टाइप करणारं, सिनेमे दाखवणारं मशीन एखाद्याच हिशोबात दगा देतं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं असतं. व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात आणि संकेत वेळेत पोचतो, पण खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, चिप तापते, आणि तापलेल्या चिपमध्ये संकेत पुन्हा रेंगाळतो. डिसेंबरात नागपुरात रात्रभर बिनतक्रार चाललेलं मशीन मे महिन्यात दुपारी हँग होतं ते याच कारणाने, आणि त्यात कुणाचीही लबाडी नसते.

कंपनी चिप विकताना या सगळ्याची तरतूद करते. एकाच सिलिकॉन चकतीवर कोरलेल्या शेकडो चिप्स सारख्या निघत नाहीत; कुणी चपळ, कुणी मंद. त्यांची प्रतवारी होते, कोकणातल्या बागेत एकाच झाडाचे आंबे उतरवून आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पेट्यांत भरावेत तशी. आणि बाजारात लहान फळांच्या पेटीला जास्त गिऱ्हाईक असेल, तर मोठी फळंही त्याच पेटीत जातात. चिपच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. उत्पादनाची पद्धत स्थिरावली की जवळजवळ सगळ्याच चिप्स वरच्या वेगाला पात्र ठरू लागतात, पण स्वस्त मालाची मागणी काही घटत नाही. मग वरच्या प्रतीची चिप खालच्या आकड्याने विकली जाते. त्यावर उष्णता, हलका वीजपुरवठा, कमअस्सल मदरबोर्ड आणि येणारं म्हातारपण यांच्यासाठी वेगळी राखीव सोय असते. ओव्हरक्लॉकर या दोन गोष्टींवर जगत होता: बाजारामुळे उरलेल्या ताकदीवर आणि सावधगिरीने राखून ठेवलेल्या ताकदीवर. पहिली घेणं फुकट होतं, दुसरी घेणं म्हणजे विम्याचे पैसे खर्चून टाकणं. पण बाहेरून या दोन्ही सारख्याच दिसत. आपण नेमकं कुठल्या गाठोड्यात हात घातला आहे, हे ओळखण्याचा उपाय एकच: चाचणी.

१९९८ चा सेलेरॉन ३००ए हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण आहे, म्हणून त्याच्यापाशी थोडं थांबू. त्याआधी एप्रिलमध्ये इंटेलने दुय्यम कॅशे अजिबात नसलेला सेलेरॉन आणून स्वतःचं हसं करून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये आलेल्या ३००ए मध्ये १२८ किलोबाइट कॅशे चिपच्या आतच कोरलेली होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालत होती. महागड्या पेंटियम-२ मध्ये कॅशे चौपट होती खरी, पण चिपच्या बाहेर आणि निम्म्या वेगाची. सेलेरॉनचा मल्टिप्लायर, म्हणजे मुख्य बसच्या वेगाला गुणणारा आकडा, साडेचारवर कुलूपबंद होता. ६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार म्हणजे ३००. पण त्याच वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटला १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणे झेपत होती. शंभर गुणिले साडेचार म्हणजे ४५०. सुमारे दीडशे डॉलरचा प्रोसेसर असा साडेसहाशे डॉलरहून महाग असलेल्या पेंटियम-२ ४५० च्या पंगतीला जाऊन बसला. काही मदरबोर्ड बस आपोआप ठरवत, तिथे आणखी एक युक्ती होती. स्लॉट-१ च्या कार्डावरच्या बी-२१ या पट्टीवरून मदरबोर्डला कळे की आलेला प्रोसेसर ६६ चा आहे. तेवढीच एक पट्टी चिकटपट्टीच्या बारीक तुकड्याने झाकली की मदरबोर्ड त्याला १०० चा समजे. मिलिमीटरभर चिकटपट्टीत दीडशे मेगाहर्ट्झ!

पण ३००ए ची खरी शिकवण ४५० मध्ये नसून त्याच्या अलीकडच्या आकड्यांत आहे. ४५० ला हात घालायची धास्ती वाटणारे लोक बस ८३ वर ठेवत, म्हणजे प्रोसेसर सुमारे ३७४ मेगाहर्ट्झने चाले. साध्या तर्काने हे मधलं स्थान जास्त सुरक्षित असायला हवं. प्रत्यक्षात ते ४५० पेक्षा जास्त त्रास देई. कारण हार्डडिस्क आणि विस्तारकार्डं ज्या पीसीआय बसवर चालतात तिचा वेग मुख्य बसला भागून काढलेला असतो. १०० ला तिनाने भागलं की ३३ मेगाहर्ट्झ येतात, नियमाबरहुकूम. ८३ ला मात्र दोनाने भागलं जाई, आणि पीसीआय ४१ च्या पुढे पळू लागे. हार्डडिस्कवरच्या फायली बिघडत, साउंडकार्ड गप्प बसे, आणि माणूस शिव्या देई प्रोसेसरला. चोर सोडून संन्याशाला फाशी. एटीच्या काळातही हेच झालं होतं. तिथे विस्तारकार्डांची बस प्रोसेसरच्याच क्लॉकवर चालत असल्यामुळे क्रिस्टल बदलल्यावर आधी कार्डंच दम टाकत. अस्थिरतेचं निदान म्हणजे आधी संशयितांची यादी आणि मग एका वेळी एकच बदल, हा धडा हौशींनी ३००ए च्या काळात गिरवला. बस मूळ जागी आणा आणि मेमरी तशीच ठेवा. मेमरीचं टायमिंग सैल करा आणि व्होल्टेजला हात लावू नका. पंखा बदला आणि बाकी काही बदलू नका. प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाला शिकवतात तेच हे, फक्त इथे गुरुजी नव्हते आणि उपकरण मोडलं तर खिशातून भरायचं होतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो टोलवण्यासारखा नाही. ही हौस निरुपद्रवी नव्हती. नव्वदच्या दशकात स्वस्त चिपवरचा आकडा खरवडून तिथे मोठा आकडा छापायचा आणि ती महाग म्हणून विकायची, हा जगभर चाललेला उद्योग होता. इंटेलने मल्टिप्लायरला कुलूप घातलं त्यामागे हे एक कारण होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून असेंबल्ड कॉम्प्युटर घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा कुणीही, आपल्या डब्यात नेमकं काय आहे यासाठी दुकानदाराच्या शब्दावरच अवलंबून होता. हीटसिंक उचलून कोण बघतो? मायक्रोसॉफ्टमधले अनुभवी अभियंते रेमंड चेन यांनी २००५ मध्ये याचा एक मासला नोंदवला. विंडोज कोसळल्याचे जे अहवाल कंपनीकडे येत, त्यात काही अशक्य कोटीतले निघत. एका अहवालात प्रोग्राम कोसळला होता तो रजिस्टरमध्ये शून्य भरण्याच्या सूचनेवर. ही सूचना मेमरीला स्पर्शही करत नाही, तिथे चुकायला जागाच नाही. चौकशी केल्यावर कळलं की मशीन ओव्हरक्लॉक केलेलं होतं. आणि अशा कित्येक मालकांना त्याचा पत्ताच नव्हता. लहान दुकानदारांनी कमी वेगाचा प्रोसेसर पळवून जास्त वेगाचा म्हणून विकला होता. ही सरळ फसवणूक आहे. मात्र ती आपल्या मुद्द्याला छेद देत नाही. हौशी माणूस आणि हा दुकानदार, दोघांनी चिपचा वेग वाढवला. फरक इतकाच की एकाने चाचणी केली आणि दुसऱ्याने गिऱ्हाइकाला चाचणी करायला लावलं.

चाचणीची साधनं कुठून आली तेही पाहण्यासारखं आहे. ती ओव्हरक्लॉकिंगसाठी बनलीच नव्हती. टोकियो विद्यापीठात यासुमासा कानाडा यांच्या चमूने पायचे अंक काढण्याचा जो विक्रमी खटाटोप केला, त्यातून १९९५ मध्ये पीसीसाठी सुपर-पाय हा छोटा प्रोग्राम आला. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये मर्सेन मूळसंख्यांचा सामुदायिक शोध सुरू केला आणि त्यासाठी प्राइम-९५ लिहिला. एकेका संख्येच्या तपासणीला जुन्या मशीनवर आठवडे लागत. मध्ये एक बिट जरी चुकला तरी सगळी मेहनत पाण्यात. म्हणून वोल्टमन यांनी त्यात छळचाचणी घातली. उत्तर आधीच ठाऊक असलेली गणितं मशीनला अखंड करायला लावायची आणि प्रत्येक उत्तर ताडून पाहायचं. हौशींच्या हाती इथे घबाड लागलं. तोवर ‘स्थिर’ याचा अर्थ ‘खेळ खेळताना हँग झालं नाही’ एवढाच होता. आता मशीन न कोसळताही खोटं बोलत असेल तर ते पकडता येऊ लागलं. पुढच्या काळात किती तास प्राइम-९५ चाललं की स्थिर म्हणायचं, यावर मोठमोठे वाद झडले. सहा, बारा की चोवीस? त्या वादाला उत्तर नव्हतंच. चाचणी जे मार्ग तुडवते तेवढ्याच मार्गांबद्दल बोलते. २०१३ नंतर एव्हीएक्स-२ च्या रुंद सूचना आल्या तेव्हा जुन्या चाचण्या पास झालेली मशीनं नव्या प्रोग्रामांपुढे नांगी टाकू लागली, आणि तशा सूचना येताच क्लॉक काही पायऱ्या खाली आणण्याची वेगळी सोय मदरबोर्डांना द्यावी लागली.

आता दुसरा आक्षेप, जास्त वजनदार. हौशीकडे एक मशीन, एक खोली, एक प्रोग्राम. कंपनीकडे कोट्यवधींची चाचणीयंत्रं, चिपचा पूर्ण नकाशा, सर्वांत लांबच्या मार्गांची यादी, आणि मुद्दाम तापवून, मुद्दाम व्होल्टेज कमी ठेवून घेतलेल्या परीक्षा. या दोघांना एका पंगतीत बसवणं म्हणजे पतंग उडवणाऱ्याला वैमानिक म्हणण्यासारखं नाही का? उत्तर म्हणून २००० सालचा उन्हाळा पाहावा. ६ मार्चला इंटेलच्या प्रतिस्पर्धी एएमडीने अॅथलॉनच्या रूपाने १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर जाहीर केला. इंटेलने दोनच दिवसांनी आपला. या शर्यतीत पुढे राहण्यासाठी ३१ जुलैला इंटेलने १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम-३ आणला, १८० नॅनोमीटरच्या त्याच जुन्या घडणीचा, व्होल्टेज चढवलेला. समीक्षेसाठी आलेला नमुना थॉमस पाब्स्ट या जर्मन डॉक्टरांच्या हाती पडला. हे गृहस्थ मूळचे वैद्यकीचे, आणि प्रोसेसरच्या परीक्षणात दरारा मिळवलेले. त्यांच्या यादीत लिनक्स कर्नल कंपाइल करण्याची एक चाचणी होती. त्या नमुन्यावर कंपाइल पुरं होईना. अमेरिकेत काइल बेनेट या परीक्षकांनाही तसाच अनुभव आला. इंटेलला अखेर आपल्या प्रयोगशाळेत तीच चूक दिसली, आणि २८ ऑगस्टला कंपनीने तो प्रोसेसर परत मागवला. लिनक्स कर्नल म्हणजे काही गुप्त उपकरण नव्हतं, कुणालाही फुकट मिळणारी गोष्ट होती. पण कंपायलर ज्या चित्रविचित्र क्रमाने चिपचे कोपरे धुंडाळतो, तो क्रम कारखान्याच्या परीक्षेत नव्हता. १.१३ गिगाहर्ट्झ पुढे आला तो २००१ मध्ये, १३० नॅनोमीटरच्या नव्या घडणीवर.

यावर कुणी म्हणेल, एक अपवाद दाखवून नियम सिद्ध होत नाही. घाईत सगळ्यांकडूनच चूक होते. बरोबर आहे, म्हणून संख्येचा पुरावाही घेऊ. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातले एडमंड नाइटिंगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे दहा लाख घरगुती पीसींच्या क्रॅश-नोंदी तपासून एक निबंध सादर केला. ओव्हरक्लॉक केलेली मशीनं प्रोसेसरच्या दोषाने कोसळण्याचं प्रमाण न केलेल्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं. म्हणजे ‘माझं मशीन एकदम स्थिर आहे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांपैकी पुष्कळांचं मशीन स्थिर नव्हतं. हौशींच्या बाजूने बोलणाऱ्याने हे गिळलंच पाहिजे. पण त्याच निबंधातला दुसरा आकडा कंपन्यांना गिळावा लागतो. आठ महिन्यांत प्रोसेसर एकूण किमान तीस दिवस चाललेल्या मशीनांचा हिशोब केला, तर दर १९० मध्ये एक मशीन प्रोसेसरच्या व्यवस्थेतल्या दोषाने कोसळलं होतं. आणि एकदा कोसळलेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता त्याहून शंभरपटींपर्यंत जास्त होती. कारखान्याची हमी म्हणजे शून्य दोष नव्हे. ती म्हणजे इतका कमी दोष की तो सॉफ्टवेअरच्या माथी मारून निभावून जातं.

हौशींच्या पदरात आणखी एक चूक टाकायला हवी, ती वयाची. २००२-०३ च्या सुमारास पेंटियम-४ च्या नॉर्थवुड चिपला १.५ व्होल्टऐवजी १.७ च्या वर देणारे बरेच जण पस्तावले. महिनोन्‌महिने झकास चाललेली चिप एके दिवशी काही न सांगता मरून जाई. रात्रभराची परीक्षा आजच्या रात्रीबद्दल सांगते. तारांमधले अणू हळूहळू सरकवणारं विद्युतस्थलांतर तिच्या कक्षेत येत नाही. कंपनीच्या राखीव सोयीतला सर्वांत मोलाचा हिस्सा हाच होता, आणि त्याच्यावर डल्ला मारताना हौशींना त्याची किंमत दिसत नव्हती.

दरम्यान कंपन्यांच्या लक्षात आलं की राखीव ठेवलेली ताकद लोक फुकट नेतात, तर ती आपणच का विकू नये. पेंटियम-४ मध्ये तापमान वाढलं की स्वतःहून वेग कमी करणारी सोय होती. २००१ मध्ये पाब्स्ट यांनी चालू मशीनवरचा हीटसिंक उचलून दाखवला तेव्हा पेंटियम-४ मंदावून चालत राहिला आणि अॅथलॉन जळून गेला. २००४ मध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम-४ रद्द करावा लागला आणि इंटेलचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी एका परिषदेच्या मंचावर गुडघे टेकून माफी मागितली, अर्धी गमतीत. वेग चढवण्याचा सरळ रस्ता संपला होता. २००८ च्या नेहालेमपासून टर्बो आला: थंडावा आणि वीज शिल्लक असेल तर प्रोसेसर स्वतःच स्वतःला पळवणार. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये मूळ क्लॉक सगळ्या भागांना असा बांधून टाकला की बस वाढवून पाच-सात टक्क्यांपलीकडे काही हाती लागेना, आणि मल्टिप्लायर मोकळा असलेल्या ‘के’ चिप्स थोड्या जास्त पैशांत वेगळ्या मिळू लागल्या. आयबीएमने एटीबाबत जे केलं तेच, पण या वेळी दरपत्रकासह.

यातून अस्थिर क्लॉक या तक्रारीचा अर्थच बदलला. पूर्वी क्लॉक ठाम असे आणि मशीन डळमळे. आता मशीन ठाम असतं आणि क्लॉक डळमळतो. ५ गिगाहर्ट्झ ठरवून दिलेला प्रोसेसर कामाला लागताच ४.६ वर का येतो? कारणांची रांग असते. तापमानाची मर्यादा, काही सेकंदांनंतर लागू होणारी विजेची मर्यादा, प्रवाहाची मर्यादा, मदरबोर्डवरचे व्होल्टेज पुरवणारे तापलेले घटक, नाहीतर एव्हीएक्ससाठीची सूट. भार अचानक बदलला की व्होल्टेज क्षणभर डळमळतं, म्हणून कधीकधी मशीन भाराखाली टिकतं आणि काम संपल्यावर, रिकामं असताना कोसळतं. सर्वांत फसवा प्रकार एएमडीच्या अलीकडच्या चिप्समध्ये दिसतो. व्होल्टेज कमी पडतंय असं दिसताच तिथलं सर्किट क्लॉकचे ठोके ताणतं. पडद्यावरचा आकडा तोच राहतो, मशीन कोसळतही नाही, फक्त काम कमी होतं. त्यामुळे आज अनुभवी माणूस दाखवलेल्या क्लॉकवर विश्वास न ठेवता प्रत्यक्ष पडलेल्या ठोक्यांची सरासरी बघतो आणि जोडीला तेच काम आधी किती वेळात होत होतं ते ताडून पाहतो. कुणी म्हणेल, हे बरंच झालं की. चुकीच्या उत्तरापेक्षा उशिरा आलेलं बरोबर उत्तर केव्हाही चांगलं. मान्य. पण मग ओव्हरक्लॉकिंग मेलं असं म्हणू नये. आज प्रत्येक प्रोसेसर दर क्षणी स्वतःच ओव्हरक्लॉकर असतो. काठावर चालणं आता कारखान्यातूनच येतं.

काठावर चालताना पाय घसरतो तो कसा, हे २०२३-२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर वापरणाऱ्यांच्या मशीनवर अनरिअल इंजिनचे खेळ सुरू होताना बंद पडू लागले, आणि पडद्यावर संदेश यायचा की ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. पुन्हा संन्याशालाच फाशी. शेवटी ग्राफिक्स चिप्स बनवणाऱ्या एनव्हिडियाला सांगावं लागलं की अशा ग्राहकांनी इंटेलकडे जावं. खरा प्रकार उघड झाला तो खेळातली माहिती उलगडणाऱ्या ऊडल या घटकामुळे. उलगडताना तो माहितीचा खरेपणा तपासतो, म्हणून बाकीचे प्रोग्राम जी चूक मुकाट पचवत होते ती त्याच्यापाशी अडली. प्राइम-९५ चीच रीत, नकळत घराघरात पोचलेली. सुरुवातीला रोख मदरबोर्ड कंपन्यांकडे गेला, कारण त्यांनी विजेच्या मर्यादा मुळातच सैल सोडल्या होत्या. मात्र ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला आज्ञासंच, दुरुस्त करताना मूळ कारण सांगितलं ते असं: प्रोसेसर स्वतःच प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागत होता, आणि त्या व्होल्टेजने व तापमानाने गाभ्यातलं क्लॉक वाटणारं सर्किटच अकाली म्हातारं होत होतं. नॉर्थवुडच्या वेळी जे हौशींनी केलं होतं ते इथे कंपनीने केलं होतं, आणि मालकाने कशालाही हात लावलेला नव्हता.

मायक्रोकोड येईपर्यंत या लोकांना जो उपाय सांगितला जात होता, तो कुठल्याही जुन्या ओव्हरक्लॉकरने पहिल्याच मिनिटाला सुचवला असता. मुख्य गाभ्यांचा मल्टिप्लायर ५५ वरून ५३ वर आणायचा, बाकी काही बदलायचं नाही, आणि तोच खेळ पुन्हा लावून बघायचा. चालला, तर दोष प्रोसेसरचा. आधीच झिजलेल्या चिपला मात्र मायक्रोकोडचा उपयोग नव्हता. ती बदलून घ्यावी लागत होती, आणि त्यासाठी इंटेलने सुट्या विकलेल्या या प्रोसेसरांची तीन वर्षांची वॉरंटी पाच वर्षांवर नेली.